कोऱ्या चार ओळी

पहाटे साडेपाच. रानात जाऊन मातीची मूठ वळली, अंगठ्यानं दाबली, भुगा झाला. वाफसा आहे. आठवड्यात शंभर मिलिमीटरच्या वर पडलाय. औशाकडची आमची काळी रानं पुन्हा भिजली की आठ दिवस पाय ठेवू देत नाहीत, म्हणून आजच पेरायचं.

सहा. घरचं सोयाबीन 60 किलो मोजलं, आणखी दोन किलो औषधाविना कोरं ठेवायला वेगळं काढलं. मागच्या आठवड्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले होते, 78 उगवले. सत्तरच्या वर म्हणजे एकरी 30 किलो पुरे. ही मोजणी आधी, औषध नंतर. मेलेल्या दाण्याला कितीही रंग फासा, तो उगवत नाही.

साडेसहा. गोठ्याच्या सावलीत ताडपत्री, हातात मोजे, तोंडाला रुमाल. पहिला मान बुरशीनाशकाचा: कार्बोक्सिन-थायरम, किलोला 3 ग्रॅम, म्हणजे 180 ग्रॅम. आत्याबाई एका बाजूचे कोपरे धरून, मी दुसऱ्या. ज्वारीला काणी लागू नये म्हणून त्यांनी जन्मभर गंधक चोळलं, पण तो हात इथं चालत नाही. सोयाबीनचं साल कांद्याच्या पापुद्र्यासारखं, अंकुर लगेच त्याच्याखाली. चोळलं की डाळ. एका कडेचे दाणे सुरकुतलेले दिसले.

"पाणी जास्त झालं बाई," आत्याबाई म्हणाल्या.

झालंच होतं. तेवढे पसाभर काढून टाकले.

आठ. भाकरी खाऊन आले तोवर दाणे सुकले होते. आता थायामेथोक्झाम 30 एफएस, किलोला 10 मिली. हे खोडमाशीसाठी. तिची अळी खोड आतून पोखरते आणि झाड वरून हिरवंगार दिसत राहतं. शेंगा भरायच्या वेळी कळतं, तेव्हा फवारून काय करणार? रोप कोवळं असतानाचे पहिले काही आठवडे निभावले की पुष्कळ झालं.

साडेनऊ. शेवटी रायझोबियम, 10 किलोला एक पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. हे जिवाणू आहेत, जिवंत. तीन वर्षांमागं घाई केली आणि तिन्ही एकाच बादलीत ढवळली. ऑगस्टमध्ये झाड उपटलं तर मुळांवर गाठी मोजक्या, चिरल्या तर आतून फिक्या. काम करणारी गाठ आतून गुलाबी असते. दोष कुणाला देणार, बादली माझीच होती.

दहा. ट्रॅक्टर आला. चार फणांचं यंत्र, दोन ओळींत 45 सेंटिमीटर. पहिला फेर रानाच्या मधोमध, त्या दोन किलो कोऱ्या बियाण्याचा. बांधाकडं घेतला असता तर सावलीचा आणि उंदरांचा दोष कोऱ्या बियाण्याच्या माथी गेला असता. ड्रायव्हर कुरकुरला. आमचे हे म्हणाले, "चार ओळींचं नुकसान हौसेनं?" मला हिशोब हवाय. बीजप्रक्रियेनं उतारा वाढतो म्हणतात. गाठींचा नत्र सोडला तर वाढण्यापेक्षा जाणारा वाचतो, असं माझं मत. रोग-किडीचं वर्ष नसेल तर फरक डोळ्यांना दिसतही नाही. दोन झाडांत 5 सेंटिमीटर धरलं तर मीटरला वीस झाडं हवीत. दहाव्या दिवशी मीटरभर काठी घेऊन दोन्हीकडं मोजणार.

दुपारी दोन. पेरणी उरकली. किलोभर लाल दाणे उरले.

"कोंबड्यांना टाकू?" आत्याबाईंनी सूप उचललंच होतं.

"नको, नको! मरतील."

रानाच्या कोपऱ्यात तेही पेरले. रिकामी पोती फाडून टाकली, नाहीतर कुणी त्यात धान्य भरायचं. साबणानं तीनदा हात धुतले, तरी वास राहिलाय.

सात. वहीत ओळींचा नकाशा काढला. खुणेच्या काठीला चिंधी बांधायची राहिली, ती आत्याबाई जुन्या लुगड्याची फाडतायत. पश्चिमेला वीज चमकतेय.