कणगी, मोहफुले आणि हिवताप
(सूरजागड पट्ट्यातील आरोग्य, वन व स्थलांतर यांचा परस्परसंबंध)

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. त्याच्या भोवतालचा पट्टा हा माडिया गोंडांचा मुलूख होय. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती अतिदुर्बल आदिम गटात मोडतात. या पट्ट्यात पाऊस सरासरी १३०० मिलिमीटरहून अधिक पडतो, वन दाट आहे आणि डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे. असे असता येथील पुष्कळ बालके कमी वजनाची का राहतात, पावसाळ्यात हिवताप घरोघर का शिरतो, आणि धान कापून होताच धडधाकट माणसे गाव सोडून का जातात, असा प्रश्न नव्याने आलेल्या कार्यकर्त्यास पडतो. 'अज्ञान' व 'रूढी' या दोन शब्दांत त्याचे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे असते. परंतु ते उत्तर अपुरे आहे. शोध घ्यावयाचा तर तो घरातील कणगीपासून घ्यावा.

येथील शेती मुख्यतः पावसावरील एकाच धान पिकाची. अनेक शेतकरी अद्याप आवत्या पद्धतीने बी फोकतात. ज्यांच्याकडे दोन-चार लहान बांध्याच आहेत, त्यांचे धान पुढील हंगामापर्यंत पुरत नाही. आषाढ ते भाद्रपद या काळात कणगी तळाला जाते. नेमकी तेव्हाच चिखलणी, रोवणी व निंदणीची कष्टाची कामे असतात, आणि डासांचा उपद्रवही वाढलेला असतो. अर्धपोटी व थकलेल्या माणसास हिवताप अधिक जड जातो. रोवणीच्या दिवसांत घरातील कर्ते माणूस आठवडाभर अंथरुणास खिळले तर रोवणी लांबते, उतारा घटतो आणि पुढील वर्षी कणगी आणखी लवकर रिती होते. रोगाने दारिद्र्य व दारिद्र्याने रोग, असे हे चक्र आहे.

बांध्या लहान का, यालाही इतिहास आहे. हा प्रदेश पूर्वी अहेरीच्या जमीनदारीत होता. १९५१ साली जमीनदारी संपली व वन शासनाच्या ताब्यात आले. डोंगरउतारावर जागा बदलत केली जाणारी पेंडा शेती वननियमांमुळे आक्रसत गेली. परंतु खालच्या सपाट जमिनीचा कागद सर्वांच्याच नावे झाला नाही. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याला पीककर्ज मिळणे कठीण, आणि कर्ज नाही म्हणून गरजेपोटी व्यापाऱ्याकडे जावे लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक व सामूहिक दाव्यांची वाट मोकळी केली. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला.

मोहफुलांचा व्यवहार पाहिला म्हणजे विषमता कशी काम करते हे स्पष्ट होते. फाल्गुन-चैत्रात फुले पडतात. ती वाळवून ठेवली तर पावसाळ्यात पोटाला आधार होतात, कारण त्यांत साखरेचे प्रमाण भरपूर असते. तथापि हातात रोकड नसलेले कुटुंब ती चैत्रातच स्वस्तात विकते व पावसाळ्यात तीच फुले चढ्या भावाने परत घेते. ज्याच्या घरी ज्येष्ठात धान आहे, त्याला चैत्रात मोह विकण्याची घाई नसते. २०२१ साली राज्य शासनाने मोहफुलांच्या संकलन, साठवण व वाहतुकीवरील निर्बंध उठविले. त्यामुळे ग्रामसभेस किंवा महिला गटास ती एकत्र साठवून योग्य वेळी विकता येतात. घाईचा दुसरा परिणाम वनावर होतो. फुले लवकर वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो, आग पसरते व नवी रोपे जळतात. झाडाखाली जाळी बांधल्यास पाला जाळावा लागत नाही व फुलेही स्वच्छ मिळतात.

रूढींविषयी सरसकट मत बनविणे योग्य नव्हे. मरका पंडुम साजरा झाल्याशिवाय आंबा खावयाचा नाही, या नियमाने फळ पिकू दिले जाते. हा निर्बंध कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक पाळला जातो. उलट मासिक पाळीत स्त्रियांना कुर्माघरात राहावे लागते, आणि अनेक गावांत ते घर म्हणजे पावसात गळणारी झोपडी असते. गावात मच्छरदाण्या वाटल्या तरी तेथे एकही पोहोचत नाही. रूढीचा भार येथे ज्यांचा शब्द गावसभेत सर्वांत कमी चालतो त्यांच्यावर पडतो. ती बदलावयाची किंवा कसे हे गावातील स्त्रियाच ठरवितील. तोवर त्या घरास पक्के छप्पर, दार व औषधयुक्त मच्छरदाणी देण्यास कोणाची हरकत असू नये.

रूढी बदलल्यावरच आरोग्य सुधारते असे मानण्याचेही कारण नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याच जिल्ह्यात गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. गावे तीच होती, चालीरीतीही त्याच होत्या.

धान निघाल्यावर जिल्ह्यातील अनेक कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. मजुरी रोख किंवा मिरचीच्या रूपाने मिळते. मुले बरोबर जातात. त्यांची अंगणवाडी व शाळा सुटते, लसीकरणाची तारीख चुकते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत अशा मजुरांवर पायी परतण्याची वेळ आली. येथील आदिवासींत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. आई-वडील दोघांकडूनही तो दोष आलेल्या व्यक्तीस उन्हातील श्रम व पाण्याची कमतरता यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून निघण्यापूर्वी तपासणीचे कार्ड, औषधे व बालकाचे लसीकरण पत्रक सोबत आहे की नाही, हे पाहावे. परतल्यावर ताप आल्यास आशा स्वयंसेविकेकडून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे व औषधाचा क्रम पूर्ण करावा.

खाणीने रोजगार आणला आहे. २००७ साली सूरजागडच्या डोंगरावर ३४८ हेक्टरांचा पट्टा देण्यात आला. २०२१ पासून उत्खनन मोठ्या प्रमाणावर चालू आहे. डोंगरावरील ठाकूरदेव हे परिसरातील गावांचे दैवत असून दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. उतारावरील काही बांध्यांत पावसाबरोबर तांबडा गाळ येतो अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. अशा बांधीची पाहणी धान उभे असतानाच व्हावी आणि पंचनामा शेतकऱ्याच्या समक्ष करावा.

राहिला दुसऱ्या पिकाचा प्रश्न. धानानंतरच्या ओलीवर लाखोळी, जवस किंवा हरभरा येतो व बोडीच्या कडेला भाजीपाला होतो. परंतु कापणीनंतर जनावरे मोकळी सोडण्याची चाल असल्याने एकट्या शेतकऱ्याचे पीक टिकत नाही. चराई बंदी गावाने मिळून, भूमियाच्या संमतीनेच ठरवावी लागते. ही बैठक दिवाळीपूर्वी घ्यावी; त्यानंतर गुरेही सुटलेली असतात आणि मिरचीला जाणाऱ्यांच्या गाड्याही लागलेल्या असतात.