नियामक मंडळ : निर्णय कोण घेते आणि कसा

वसतिगृहाच्या भेटीच्या रविवारी पालक येतात, मुलांशी पोटभर बोलून घेतात आणि परत निघताना कार्यालयाच्या दाराशी थबकून एक प्रश्न हमखास विचारतात : "साहेब, हे ठरवलं कोणी?" हा प्रश्न कधी भोजनशुल्काच्या वाढीविषयी असतो, कधी पहाटेच्या अभ्यासिकेच्या बदललेल्या वेळेविषयी, तर कधी एखाद्या आवडत्या शिक्षकांच्या बदलीविषयी. "मंडळाने ठरवले" हे आमचे उत्तर खरे असले तरी अपुरे असते. मंडळ म्हणजे कोण, ते कोणत्या अधिकाराने ठरवते, त्याला कोण अडवू शकते, हे सांगायला त्या दारात सवड नसते. म्हणून या स्मरणिकेची काही पाने आम्ही त्यासाठी मागून घेतली. त्याला एक तातडीचे कारणही आहे. ते लेखाच्या शेवटी येईल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे 'संस्थाचालक' हा शब्द रूढ झाला आहे आणि त्या शब्दाला मालकीचा वास येतो. वस्तुतः आपल्यासारख्या संस्थेला मालक नसतो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (पूर्वीचा 'मुंबई' नावाचा) या दोन कायद्यांखाली अशा संस्थांची नोंद होते. त्यांच्या जमिनी, इमारती, ठेवी, अगदी भोजनगृहातील पातेलीसुद्धा विश्वस्त व्यवस्थेची असतात. मंडळावरील माणसे ती सांभाळतात, इतकेच. सभासदांची सर्वसाधारण सभा घटनेप्रमाणे नियामक मंडळ निवडते, मंडळ धोरण ठरवते आणि मुख्याध्यापक ते अंमलात आणतात.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते. अधिकार मंडळाला आहे, मंडळाच्या सभासदाला नाही. रीतसर बोलावलेल्या सभेत, गणसंख्या पूर्ण असताना, अकरा माणसे एकत्र बसतात तेव्हाच ती मंडळ असतात. सभा संपवून चहा घेऊन बाहेर पडली की ती अकरा सामान्य माणसे होतात. त्यांपैकी एकाने वसतिगृहात येऊन अधीक्षकांना दिलेला हुकूम हा सल्ला असतो, फार तर आग्रह असतो, ठराव नसतो. आमच्यातील काही जणांना हे समजायला वर्षे लागली, हे येथे मोकळेपणाने सांगतो.

ठराव होण्याची रीत तशी साधी आहे. घटनेत सांगितलेल्या मुदतीआधी सूचनापत्र निघते व त्यासोबत कार्यसूची जाते. सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम केले जाते, मग एकेक विषय येतो. सूचक, अनुमोदक, चर्चा, मत आणि शेवटी ठराव. कार्यसूचीच्या तळाशी मात्र एक ओळ असते : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय.' वाचकहो, कोणत्याही संस्थेची प्रकृती पाहायची असेल तर तिच्या इतिवृत्तातील ऐनवेळचे विषय पाहावेत. गॅस सिलिंडर महागला, पावसाने छत गळू लागले, हे ऐनवेळचे विषय होऊ शकतात. नेमणुका, खरेदीचे मोठे करार आणि जमिनीचे व्यवहार हे ऐनवेळचे विषय होऊ शकत नाहीत. कारण जो सभासद त्या दिवशी गैरहजर आहे, त्याला तो विषय येणार हेच माहीत नसते.

ही दक्षता आपण पाश्चात्त्यांकडून उसनी घेतली, असे मानण्याचे कारण नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू संघाच्या कार्यपद्धतीकडे देशाचे लक्ष वेधले होते. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे संघाला माहीत होते, असे त्यांनी तेथे दाखवून दिले. विनयपिटकात त्याचा तपशील सापडतो. प्रस्तावाला 'ञत्ति' म्हणत. सामान्य कामासाठी प्रस्ताव मांडून एकदा घोषणा पुरे होई. उपसंपदेसारख्या गंभीर कामासाठी प्रस्तावानंतर तीनदा घोषणा करावी लागे, आणि तिसऱ्या घोषणेनंतरही सर्व मौन राहिले तरच संघाची संमती मानली जाई. आजारी भिक्खूला येता आले नाही तर तो आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवी. काही जणांना वगळून अपुऱ्या संघाने केलेले काम वैध ठरत नसे. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे मताच्या काड्या, वाटल्या जात. त्या वाटणारा भिक्खू आवड, द्वेष, मोह आणि भय या चारही गोष्टींपासून मुक्त असावा, अशी अट होती. आजच्या किती संस्थांचे निवडणूक अधिकारी या अटीत बसतील, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

आपल्या परिसराला या परंपरेचा स्पर्श आहेच. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच वर्षी शेजारी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहत होता, आणि पुढच्या दशकांत कारखान्यांची रांगच या पट्ट्यात लागली. आपल्या पहिल्या पालकांपैकी पुष्कळ जण त्याच रांगेत पाळी करणारे.

बाबासाहेब स्वतः संस्था उभी करणारे होते. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. सिद्धार्थमध्ये वर्ग सकाळच्या वेळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकून कामावर जाता यावे. ही वेळ वरवर पाहता वेळापत्रकाची बाब आहे, आणि वेळापत्रक प्राचार्यांचे काम. पण महाविद्यालय कोणासाठी आहे, हे त्या वेळेतच ठरून जाते. असे प्रश्न मंडळाचे असतात. कोणता तास कोणी घ्यायचा हे मंडळाने ठरवू लागणे जितके चुकीचे, तितकेच संस्था कोणासाठी हा प्रश्न मंडळाने प्राचार्यांवर ढकलणे चुकीचे.

मंडळात मतभेद होतात आणि ते व्हावेत. आपल्या शेजारच्या पुण्यातील दाखला सर्वांना ठाऊक आहे. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढणारे आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापणारे सहकारी पुढे एका प्रश्नावर दुभंगले : संस्थेला वाहून घेतलेल्या आजीव सभासदांनी बाहेरची कामे आणि बाहेरचे उत्पन्न स्वीकारावे काय? टिळकांचे मत सक्त नकाराचे होते, ते बहुमताला पटले नाही आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. कोण बरोबर होते याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण सभासदाचे हितसंबंध कोठे सुरू होतात, हा प्रश्न त्यांनी उघड मांडला. आमच्याकडे आता अशी पद्धत आहे की ज्या विषयात एखाद्या सभासदाचे वा त्याच्या नातलगांचे हित गुंतलेले असेल, त्या वेळी तो सभासद तसे सांगून खोलीबाहेर जातो आणि ही नोंद इतिवृत्तात होते. पहिल्यांदा बाहेर बसावे लागले तेव्हा आमच्यापैकी एकांना राग आला होता; आता तेच इतरांना दार दाखवतात.

मंडळ कोण, हाच वाद झाला तर काय होते? विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे नेहमीच्या बोलीत 'चेंज रिपोर्ट', द्यावा लागतो. तो मंजूर होऊन परिशिष्ट एकमध्ये नावे लागेपर्यंत नव्या मंडळाचा पाय डळमळीत राहतो. दोन गटांनी दोन अर्ज दिले की पुढची वर्षे तारखांत जातात. खुद्द बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मंडळावरील हक्काचा वादही दीर्घकाळ धर्मादाय यंत्रणेपुढे आणि न्यायालयांपुढे चालला, हे समाजाचे दुखणे आहे. आपल्याकडे वाद नव्हता, केवळ आळस होता. एका निवडणुकीनंतर अर्ज वेळेत गेला नाही. जुन्या खजिनदारांची सही चालेना, नव्यांची बँकेला मान्य नव्हती आणि दोन महिने स्वयंपाकघरातील ताईंचे मानधन रखडले. त्या ताईंनी एक दिवसही चूल बंद ठेवली नाही. त्यांची क्षमा आम्ही तेव्हा मागितली. येथे पुन्हा मागतो.

आता महाविद्यालयाचा विषय. आपल्या शाळेला जोडून वरिष्ठ महाविद्यालय असावे, ही माजी विद्यार्थ्यांची जुनी मागणी आहे. ते झाल्यास कारभाराची रचना बदलेल, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. व्यवस्थापनाचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी तिचे अध्यक्ष आणि प्राचार्य सदस्य-सचिव. त्यांच्याबरोबर शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक, त्यांत किमान एक महिला. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा निवडून आलेला प्रतिनिधी. शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतील चार स्थानिक व्यक्ती, ज्यांत किमान एक माजी विद्यार्थी. आणि विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, विकास आराखडा हे तिच्यापुढे येते. म्हणजे आज जो निर्णय अकरा जणांच्या खोलीत होतो, तो उद्या शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या समोर होईल. आमच्यातील ज्येष्ठांना याची थोडी धास्ती वाटते. आम्हांला ती धास्ती हितकर वाटते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात तर कम्युनिटी कॉलेजांची मंडळे परिसरातील मतदार निवडून देतात, मंडळावर विद्यार्थी सदस्य असतो आणि १९५३ च्या एका कायद्यानुसार नियमित सभेची कार्यसूची बहात्तर तास आधी जाहीर लावावी लागते. कार्यसूचीवर नसलेल्या विषयावर ठराव करता येत नाही. अपवाद फार थोडे. तेथील ऐनवेळच्या विषयांचा असा बंदोबस्त वाचून आमच्या सचिवांनी सुस्कारा सोडला.

आता ते तातडीचे कारण. महाविद्यालयाला इमारत हवी आणि इमारतीला पैसा. एका बांधकाम व्यावसायिकांनी असा प्रस्ताव दिला आहे की क्रीडांगणाची पश्चिमेकडील पट्टी त्यांना द्यावी, त्या बदल्यात ते महाविद्यालयाची तीन मजली इमारत बांधून देतील. चिंचवडमध्ये जमिनीचा भाव काय आहे हे वाचकांना सांगायला नको. मंडळात सहा सभासद अनुकूल आहेत, पाच प्रतिकूल. अनुकूल म्हणतात, शंभर मुलींचे पदवीचे शिक्षण रस्ता ओलांडून थांबते, ते आपल्या आवारात होईल. प्रतिकूल म्हणतात, गेलेले मैदान परत येत नाही, आणि वसतिगृहातील मुलांना खेळायला दुसरी जागा नाही. दोन्ही बाजूंना तथ्य आहे.

सहा विरुद्ध पाच एवढ्यावर हा विषय संपत नाही. कलम ३६ प्रमाणे विश्वस्त व्यवस्थेची स्थावर मिळकत विकायची, अदलाबदल करायची वा दान द्यायची झाल्यास, तसेच बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाड्याने द्यायची झाल्यास, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. नंतरची नव्हे, पूर्व. परवानगी देताना ते व्यवहार संस्थेच्या हिताचा आहे काय हे पाहतात. शिवाय आमच्या मते एका मताच्या बहुमताने मैदान देणे कायद्यात बसले तरी शहाणपणात बसत नाही. म्हणून मंडळाने ठराव न करता विषय पुढे ढकलला आणि तो सर्वसाधारण सभेपुढे नेण्याचे ठरवले. तोवर प्रस्तावाचा मसुदा, जागेचा नकाशा, प्रतिकूल सभासदांचे लेखी मत आणि अनुकूल सभासदांचे लेखी मत, ही चारही कागदपत्रे कार्यालयात ठेवली आहेत. भेटीच्या रविवारी दहा ते चार या वेळेत कोणाही पालकाला वा माजी विद्यार्थ्याला ती वाचता येतील. मत लेखी द्यावे, खाली नाव आणि तुकडीचे वर्ष लिहावे. नकाशाची प्रत लहान आहे. ती भिंतीवर मोठी करून लावण्याचे काम दहावीच्या मुलांनी घेतले आहे, आणि मैदानाची पट्टी त्यांनी स्वतः पावलांनी मोजून तीवर आखली आहे.