सहकुटुंब ज्वालामुखीदर्शन

अंदमान म्हटले की आपल्याला सावरकर आणि काळे पाणी आठवते. परंतु तेथेच बॅरन बेटावर भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. दीर्घ निद्रेनंतर १९९१ मध्ये तो पुन्हा भडकला. तेथे सहकुटुंब जाण्याचा बेत आम्ही घरी आखीत आहोत.

पहिला प्रश्न ऋतूचा. मेची सुट्टी सोयीची खरी. पण मोसमी पाऊस अंदमानात आपल्याआधी, मे महिन्यातच पोचतो. तेव्हा नाताळची सुट्टी बरी.

दुसरा प्रश्न रजेचा. कल्याणहून रेल्वेने चेन्नई गाठली, तरी पुढे जहाजाला सुमारे तीन दिवस लागतात. उल्हासनगरच्या कारखान्यात रोजावर असलेल्या वडिलांचे जाण्यायेण्यातच आठवड्याहून अधिक रोज बुडतील. तेव्हा विमान महाग की जहाज, हे बुडणारा रोज धरूनच ठरवावे.

तिसरी गोष्ट, बॅरन पोर्ट ब्लेअरपासून (आताचे श्री विजयपुरम) सुमारे १३५ किलोमीटर दूर आहे. बेटावर उतरता येत नाही. ते बोटीतूनच पाहावे लागते. आजीला हे आधीच सांगितलेले बरे.

तोवर धाकट्या भावंडांना मी अंबरनाथचे इ. स. १०६० चे शिवमंदिर दाखविणार आहे. त्याचा काळा पाषाण म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हाच होय.