‘शट डाउन’ म्हटल्यावर डिस्कला काय कळतं?

संगणक बंद करताना पडदा काळा होतो, पंखा थांबतो आणि काम संपलं असं वाटतं. पण त्याआधीच्या काही सेकंदांत ऑपरेटिंग सिस्टीमचे ड्रायव्हर एकेका उपकरणाला आवरतं घ्यायला सांगत असतात. त्यात सर्वांत नाजूक प्रकरण साठवणुकीच्या कंट्रोलरचं. त्याविषयीचे गैरसमज फक्त वापरणाऱ्यांचे नाहीत, ड्रायव्हर लिहिणारेही त्यांत अडकतात.

पहिला गैरसमज घरोघरी आहे: फाइल ‘सेव्ह’ केली की ती डिस्कवर उतरली. प्रत्यक्षात ती बहुधा आधी संगणकाच्या रॅममध्ये थांबते, मग ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशमध्ये. म्हणून साटा डिस्कला वीज तोडण्यापूर्वी ‘फ्लश कॅश’ आणि ‘स्टँडबाय इमिजिएट’ असे दोन आदेश द्यावे लागतात. ‘जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असलेली फाइल सिस्टीम आहे, काळजी कशाला?’ असं कुणी म्हणेल. पण लिनक्सची ईएक्सटी४ नेहमीच्या मांडणीत फाइलींच्या नोंदींचंच जर्नल ठेवते, आतल्या मजकुराचं नाही. शिवाय ड्राइव्हने कॅश खरोखर रिकामी केली, या भरवशावरच ते जर्नल उभं असतं.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. कंट्रोलर रीसेट केला म्हणजे तो नीट बंद झाला, अशी समजूत असते. दुकानदार गल्ला मोजून, खतावणी पुरी करून शटर ओढतो, ते झालं बंद करणं. गिऱ्हाइकं उभी असतानाच शटर ओढलं, तर तो रीसेट.

एसएसडीसाठीच्या एनव्हीएमई या मानकाने हा फरक स्पष्ट नोंदवला आहे. कंट्रोलर चालू ठेवणारा एक बिट असतो. तो शून्य केला की रीसेट होतो आणि आदेशांच्या रांगा पुसल्या जातात. बंद होण्याची सूचना मात्र वेगळ्या दोन बिटांतून जाते. ड्रायव्हरने आधी नवे आदेश थांबवायचे, हातातले पुरे होऊ द्यायचे, रांगा मोडायच्या आणि मग त्या बिटांत ‘०१’ लिहायचं. कंट्रोलर आपली कॅश आणि कुठला डेटा कुठल्या चिपमध्ये आहे याची खतावणी पक्की करतो. काम चालू असताना स्थितीच्या रजिस्टरमध्ये ‘०१’ दिसतं, पुरं झाल्यावर ‘१०’. ते ‘१०’ दिसल्यावरच वीज काढणं सुरक्षित. लिनक्स यासाठी एरवी ५ सेकंद वाट पाहतो. ड्राइव्हने स्वतःच जास्त वेळ लागतो असं कळवलं असेल, तर ६० सेकंदांपर्यंत.

मग रीसेट निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. लिनक्समध्ये ‘केएक्सेक’ने एका कर्नलमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातून, थेट दुसऱ्यात उडी मारता येते. तेव्हा वीज जातच नाही. कंट्रोलर थांबवला नसेल, तर तो जुन्या पत्त्यांवर डेटा लिहीत राहतो, आणि त्याच जागी आता नवा कर्नल बसलेला असू शकतो! म्हणून अशा वेळी लिनक्स पीसीआय उपकरणांचा परस्पर मेमरीत लिहिण्याचा अधिकारच काढून घेतो. कर्नल कोसळल्यावर तर निरोप द्यायलाही सवड नसते. त्या प्रसंगी उठणाऱ्या दुसऱ्या कर्नलला ‘रीसेट_डिव्हाइसेस’ अशी सूचना देता येते, म्हणजे ड्रायव्हर कंट्रोलरला आधी मूळ स्थितीत आणतो, मग बोलायला लागतो.

उपकरणं बंद करण्याचा क्रमही महत्त्वाचा. लिनक्स उपकरणांची यादी शेवटाकडून वाचतो: आधी डिस्क, मग कंट्रोलर. उलट झालं तर डिस्कला शेवटचा आदेश पोचवणारंच कुणी उरणार नाही.

‘रीस्टार्टपेक्षा शट डाउन अधिक पूर्ण’ हेही नेहमी खरं नसतं. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मध्ये शट डाउन करताना कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते, नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते.

आपल्या ड्राइव्हचा हिशेब पाहायचा असेल, तर एनव्हीएमई एसएसडीच्या स्मार्ट नोंदीत ‘अनसेफ शटडाउन्स’ हा आकडा शोधा. बंद होण्याची सूचना न मिळता वीज गेली, की तो एकाने वाढतो. पॉवर बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं, तर ड्रायव्हरला बोलायची संधीच मिळत नाही. म्हणून ‘शटिंग डाउन’ रेंगाळलेलं दिसलं, तरी बटणाकडे हात नेण्याआधी निदान एक मिनिट थांबा.