परदेशातला जागल्या

आपल्या खेड्यांतून पूर्वी जागल्या असे. गाव झोपला की हा जागा. चोराची चाहूल लागली की हाळी द्यायची, हे त्याचे काम. आज हाच शब्द आपण नव्या अर्थाने वापरतो. ज्या कचेरीत आपण नोकरी करतो, तिथलीच लबाडी सरकारच्या कानी घालणारा, तो जागल्या. इंग्रजीत त्याला व्हिसलब्लोअर, म्हणजे शिट्टी फुंकणारा, म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या कायद्याशी आम्हाला काय करायचे आहे? थोडे थांबा. तुमच्या गावचा एखादा मुलगा पुण्यात अमेरिकन कंपनीच्या कचेरीत हिशेब लिहीत असेल. गुरुजी, तो तुमचाच विद्यार्थी. समजा, ठेका मिळावा म्हणून कंपनीने कुणा अधिकाऱ्याला लाच दिली आणि वहीत ती ‘सल्लागाराची फी’ म्हणून मांडली, हे त्याच्या नजरेस आले. कंपनीचे शेअर अमेरिकेच्या बाजारात असतील, तर अशी लाच १९७७ सालापासून तिथे गुन्हा आहे. मग त्याने कुणाला सांगावे? आणि सांगितल्यावर त्याचे काय होईल?

आधी बक्षिसाचे पाहू. शेअरबाजारावर नजर ठेवणारा अमेरिकेचा एक आयोग आहे, सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन. २०१० च्या कायद्याने त्याला बक्षीस देण्याचा अधिकार मिळाला. माहिती स्वतःहून दिलेली, स्वतः मिळवलेली आणि नेमकी हवी. तिच्यावरून कंपनीला १० लाख डॉलरहून अधिक दंड झाला, तर वसूल रकमेतले १० ते ३० टक्के जागल्याला मिळतात. यात नागरिकत्वाची अट नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये परदेशात राहणाऱ्या एकाला ३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जाहीर झाली. त्याचे नाव, गाव, देश आयोगाने सांगितला नाही.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. परदेशी सरकारच्या नोकरीत असताना माहिती हाती आली असेल, तर बक्षीस नाही. तलाठी असो की जिल्हा परिषदेचे शिक्षक, ते या यादीत बसत नाहीत.

आता संरक्षणाचे. इथेच खरी मेख आहे, मंडळी! तक्रारीचा सूड म्हणून कुणाला कामावरून काढले, तर नोकरी परत आणि बुडालेला पगार दुप्पट, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. पण ती अमेरिकेबाहेर पोचते का? एका जर्मन कंपनीच्या चीनमधल्या शाखेत काम करणारा तैवानचा एक गृहस्थ हाच प्रश्न घेऊन न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात गेला होता. लाचलुचपतीची गोष्ट वरिष्ठांना सांगितली आणि नोकरी गेली, असे त्याचे म्हणणे. २०१४ साली निकाल लागला, की सारा प्रकार परदेशात घडला, तिथे हे संरक्षण लागू नाही. पुढे २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट ठरवली. नुसते साहेबांना सांगून भागत नाही, आयोगाकडे तक्रार केलेली असली तरच ही ढाल मिळते.

म्हणजे बक्षीस समुद्र ओलांडून येते, ढाल मात्र तिकडेच राहते. परदेशी माणसाचा खरा आधार एकच, गुप्तता. अमेरिकन वकिलामार्फत निनावी तक्रार करता येते. बक्षीस घेण्यापूर्वी मात्र आयोगाला नाव सांगावे लागते.

गुप्ततेचे मोल आपल्या देशाने पाहिले आहे. सत्येंद्र दुबे या तरुण इंजिनियरने महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधानांना कळवला. नाव गुप्त ठेवा, ही त्याची विनंती होती, तरी पत्र नावासकट कचेऱ्यांतून फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्याचा खून झाला. खटल्यात लुटारूंना शिक्षा झाली, पण देशाच्या मनातली रुखरुख गेली नाही.

म्हणून, गुरुजी, तो मुलगा सल्ला विचारायला आला, तर त्याला हे सांगा. पाहिलेले तारीखवार लिहून ठेव. कुलपे फोडून कागद काढू नकोस. चावडीवर वाच्यता करू नकोस. आधी जाणत्या वकिलाला गाठ. आणि बक्षिसाच्या भरवशावर कर्ज काढू नकोस, कारण निकालाला वर्षे लागतात. मात्र चोर दिसूनही डोळे मिटून घे, असे त्याला सांगू नका. जागल्याच झोपला, तर गावाचे काय?