हृदयजन्य शॉक व अवरुद्ध धमनी : वैद्यांनी काय जाणावे?

चरकाचार्यांनी हृदयाची गणना त्रिमर्मांत केली, तर सुश्रुताचार्यांनी त्यास सद्यःप्राणहर मर्म म्हटले. कार्डिओजेनिक शॉक या अवस्थेत या वचनांचे प्रत्यंतर येते.

संप्राप्ती व लक्षणे : हृदयधमनी गुठळीने अकस्मात बंद झाल्यास हृदयस्नायूचा मोठा भाग निकामी होतो. रक्तदाब घसरतो, त्यामुळे उरलेल्या हृदयधमन्यांतील प्रवाहही मंदावतो व दुष्टचक्र सुरू होते. वरचा रक्तदाब ९० च्या खाली, हातपाय थंडगार, घाम, श्वास, मूत्राल्पता व संभ्रम ही लक्षणे आढळतात.

चिकित्सा : बंद धमनी तातडीने उघडणे हाच मुख्य उपाय होय. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'शॉक' चाचणीत ३०२ रुग्ण होते. केवळ औषधांनी प्रथम स्थिर केलेल्या गटात सहा महिन्यांनी ६३.१ टक्के रुग्ण दगावले. त्वरित अँजिओप्लास्टी वा बायपास केलेल्या गटात हे प्रमाण ५०.३ टक्के होते.

एकच धमनी का? : अँजिओग्राफीत तीन धमन्यांत अडथळे दिसूनही डॉक्टरांनी एकच उघडली, अशी शंका घेऊन नातेवाईक आपल्याकडे येतात. त्याचे उत्तर जर्मनीतील थिले यांच्या नेतृत्वाखालील २०१७ च्या 'कल्प्रिट-शॉक' चाचणीत आहे. प्रथम केवळ झटक्यास कारण ठरलेली धमनी उघडलेल्या रुग्णांत ३० दिवसांतील मृत्यू ४३.३ टक्के, तर सर्व धमन्या एकाच वेळी उघडलेल्यांत ५१.६ टक्के होते. शस्त्रकर्म लांबले की रंगद्रव्य अधिक लागते. त्याचा भार वृक्कांवर व दुर्बल हृदयावर पडतो. उर्वरित अडथळ्यांचा विचार रुग्ण सावरल्यावर करतात. अशा रुग्णांना पुढे पुन्हा अँजिओप्लास्टी लागण्याचा संभव अधिक असतो, हेही नातेवाइकांस आधीच सांगावे. म्हणजे पहिली चिकित्सा अपुरी होती असा गैरसमज होणार नाही.

आपले कर्तव्य : अशा रुग्णास काढा, भस्म वा अर्जुनकल्प देत वेळ दवडू नये. संभ्रमित रुग्णास तोंडाने काही पाजल्यास ते श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. रक्तदाब न पाहता जिभेखाली सॉर्बिट्रेट देऊ नये. त्याने रक्तदाब आणखी घसरतो. औषधविक्रेते बंधूंनी छातीत दुखणाऱ्या, घामाघूम ग्राहकास पित्ताचे चूर्ण देऊन घरी पाठवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयास आधी कळवावे.

रुग्ण बरा होऊन परतल्यावर पथ्य, विहार व रसायनचिकित्सेस अवसर आहे. मात्र स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी औषधे हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याविना बंद करू नयेत, तसेच आपण देत असलेल्या कल्पांची माहिती त्यांना अवश्य द्यावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.