मीठ कोणी चाखायचं?

आमचे मामू बावर्ची होते. मिरजेत कुणाचं लग्न असो, उरूस असो की रमजान, त्यांच्या देगा चुलीवरून उतरत नसत. रमजानमध्ये मात्र त्यांची एक अडचण व्हायची. पहाटेच्या सहरीनंतर संध्याकाळच्या इफ्तारपर्यंत रोजेदाराच्या तोंडात पाण्याचा थेंबही जात नाही. मग शंभर माणसांच्या खिचड्याचं मीठ कोणी चाखायचं? स्वयंपाक करणाऱ्याने गरजेपुरतं जिभेच्या टोकावर घेऊन थुंकून टाकलं तर रोजा तुटत नाही, असं आलिम सांगतात. पण मामूंच्या मनाला ते पटायचं नाही. दुपारनंतरची असरची नमाज झाली की ते मला हाक मारत, "बेटी, मीठ बघ."

मी दहा वर्षांची झाले, रोजे धरू लागले, तेव्हा हे काम शेजारच्या सुतारकाकांच्या मुलाकडे गेलं. तळहातावर घेतलेला खिचडा फुंकर मारून तो चाटायचा आणि मोठ्या रुबाबात मान डोलवायचा. मशिदीत बसून रोजा सोडणाऱ्या कितीतरी लोकांना ठाऊक नव्हतं, की त्यांच्या खिचड्याला पास-नापास करणारा परीक्षक सुतारांचा आहे.

खरं तर नापास व्हायची वेळ क्वचितच येई. मामू तांदूळ हातावर चोळून पाण्याचं प्रमाण ठरवत. मीठ ओंजळीने टाकत, पण ती ओंजळ दर वेळी तेवढीच भरे. मामूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या देगा अजून भाड्याने जातात. प्रमाणं मात्र त्यांच्याबरोबरच गेली. मी शाळेत शिकवते, रोज गठ्ठ्याने वह्या तपासते. पण मामूंच्या शेजारी वही घेऊन बसायचं मला कधी सुचलं नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे मामूंचा नातू. यंदा तो दहावीला आहे. रमजानमध्ये संध्याकाळी बाजारात समोसे तळायला उभा राहतो. परवा म्हणाला, "फुफू, मला खाण्याचंच शिकायचंय." घरात लगेच वाद झाला. "बावर्चीच व्हायचं होतं तर दहावीपर्यंत शिकलास कशाला?" हाच प्रश्न शेजारच्या घरात "आचारी होणार का?" असा विचारला जातो. मजा अशी, की याच कामाला मुंबईच्या हॉटेलात 'शेफ' म्हटलं की आपल्याला कौतुक वाटतं.

हे शिक्षण काही कालपरवाचं नाही. दादरची कॅटरिंग कॉलेज म्हणून ओळखली जाणारी संस्था १९५४ साली सुरू झाली, आणि ती सुरू केली महिलांच्या एका अन्न परिषदेने, लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने. आज बारावीनंतर अशा सरकारी संस्थांत हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीसाठी राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा असते. शाखा कोणतीही चालते, बारावीला इंग्रजी विषय मात्र हवा. इतकं थांबायचं नसेल त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये 'फूड प्रॉडक्शन जनरल' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्याला दहावी पास पुरते. तो सगळ्याच आयटीआयमध्ये नसतो, म्हणून निकालाची वाट न पाहता आधीच चौकशी करावी. पुढे शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतन घेत काम शिकता येतं. ज्यांना काम येतं पण हातात कागद नाही, त्यांची कौशल्य चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत केलेली आहे. मामूंच्या वेळी असं काही असतं तर!

आणि स्वयंपाकघर म्हणजे फक्त हॉटेल नव्हे. मिरज दवाखान्यांचं गाव आहे. मधुमेहाच्या रुग्णाने काय खावं, डायलिसिसवर असलेल्याच्या ताटात काय नसावं, हे ठरवायला आहारतज्ज्ञ लागतात. विज्ञानाची आवड असणाऱ्यांसाठी अन्नतंत्रज्ञान आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात त्याचं स्वतंत्र महाविद्यालय आहे. बेकरी आहे, मसाल्यांचे कारखाने आहेत, अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची सरकारी नोकरी आहे.

घरच्या मोठ्यांची आणखी एक काळजी असते. तिथे मद्य हाताळावं लागेल का, हलाल-हरामचं काय, असं आमच्याकडे विचारतात. मटणाला हात लावावा लागेल का, असं शाकाहारी घरांत विचारतात. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. प्रवेशाआधी संस्थेत जाऊन तो सरळ विचारावा. बेकरी, आहारशास्त्र, अन्नतंत्रज्ञान अशा वाटाही आहेत. मुलींच्या बाबतीत तर आपलं वागणं फारच गमतीचं आहे. बारा वर्षांची मुलगी सहरीला उठून दहा जणांच्या भाकऱ्या थापते तेव्हा कुणाला काही वाटत नाही. तेच काम शिकून पगार मिळवते म्हणाली, की घराची इज्जत आडवी येते.

शाळांनीही दहावीची वाट पाहू नये. अन्नाचा धडा त्यांच्या आवारातच रोज शिजतो. पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. ही खिचडी गणिताच्या तासाला घ्या. तांदूळ किती, डाळ किती, दोनशे मुलांना किती? विज्ञानाच्या तासाला तिचं तापमान मोजा. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फार वेळ राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, हे एकदा मोजून पाहिलेलं मूल जन्मभर विसरणार नाही.

रमजानच्या बाजारात तर हा धडा फारच गरजेचा. मामूंच्या नातवाला समोसा सुरेख तळता येतो, पण कढईतलं तेल कधी फेकायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तळून तळून तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे. गाड्यावर ते मोजणार कसं? तेल काळं पडलं, चिकट झालं, फेस किंवा धूर देऊ लागलं, तर ते काढून टाकायचं, एवढं तर कुणालाही कळेल. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी व्हायला हवी. आणि वर्तमानपत्रातूनच सांगायचं म्हणजे जरा संकोच वाटतो, पण हा लेख वाचून झाल्यावर त्यात भजी बांधू नका. छपाईची शाई पोटात जाते.

शेवटचं आमच्या लोकांसाठी. रमजानमध्ये आपण साठवलेल्या संपत्तीच्या अडीच टक्के जकात काढतो. बहुतेक वेळा तिचं धान्य होतं, कपडे होतात. तेही लागतंच. पण जकातीला पात्र असलेल्या एखाद्या गरीब घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती अशा प्रशिक्षणाची फी, गणवेश, सुऱ्यांचा संच यांचे पैसे दिले, तर काही वर्षांनी त्याच घरातून जकात निघू लागेल. हाताच्या कमाईला इस्लाममध्ये मोठा मान आहे. इतर धर्मांतही कष्टाच्या भाकरीला कमी मान नाही. गणेश मंडळांनी, व्यापारी मित्रांनी मनावर घेतलं तर एका आचाऱ्याची आणि एका बावर्चीची मुलं एकाच वर्गात शिकतील.

काल संध्याकाळी त्या गाड्यावर गेले होते. नातवाने नवा मसाला केला होता. म्हणाला, "फुफू, मीठ बघता?" मी म्हटलं, "मला रोजा आहे बाबा." तेवढ्यात सुतारकाकांचा मुलगा स्कूटरवरून आला. आता त्याचं फर्निचरचं दुकान आहे, केस पांढरे झालेत. त्याने गाडी उभी केली, बोटावर मसाला घेतला, पूर्वीसारखाच डोळे मिटून चाटला आणि म्हणाला, "किंचित कमी आहे."

पोराने चिमूटभर मीठ काट्यावर तोललं. मग गल्ल्याखालून वही काढून आकडा लिहिला.